कर्ज फेडायला पीएफ मोडावा का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

एकीकडे कर्जाचा हप्ता आणि दुसरीकडे पीएफ (नोकरदारांचा भविष्य निर्वाह निधी) किंवा पीपीएफ (कुणालाही उघडता येणारं सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी खातं) यांची शिल्लक, अशा पेचात असलेल्या वाचकांची पत्रं या अंकासाठी घेतली आहेत. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत, आकडे वाचकांचेच आहेत.

प्रश्न : वय ३८. चाकणच्या कारखान्यात १३ वर्षं नोकरी. दोन क्रेडिट कार्डांवर मिळून ३,४०,००० रुपये थकलेत. दर महिन्याला किमान रक्कम भरतो, पण आकडा हलत नाही. पीएफमध्ये ९,२०,००० आहेत. पीएफला सव्वाआठ टक्के मिळतात, कार्डाला बेचाळीस टक्के जातात. मग पीएफ काढून एकदाचं मोकळं का होऊ नये? पत्नी ठाम नको म्हणते.
— एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : गणित तुमचं बरोबर आहे, निर्णय पत्नीचा.

आधी कार्डाचा आकडा का हलत नाही ते पाहू. वर्षाला ४२ टक्के म्हणजे महिन्याला साडेतीन. ३,४०,००० वर महिन्याचं व्याज ११,९०० रुपये. कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, ते २,१४२. दोन्ही मिळून १४,०४२. किमान देय रक्कम ५ टक्के धरली तर तुम्ही १७,००० भरता आणि मुद्दलातून कमी होतात जेमतेम २,९५८. त्यातच एखाद्या महिन्यात कार्डावर तीन हजारांचा किराणा घेतला की तेवढेही गेले. शिवाय मागची बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. ज्या दिवशी कार्ड घासलं त्या दिवसापासून व्याज चालू होतं. हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

आता तुमच्या तुलनेकडे. ४२ टक्क्यांसमोर सव्वाआठ ठेवले तर पीएफ हरणारच. पण हे कर्ज ४२ टक्क्यांवरच राहिलं पाहिजे, असं कुठं लिहिलंय? ते जिथं हलवता येईल तिथला दर पीएफसमोर ठेवायचा. तुमच्यासारख्या कायम नोकरीवाल्याला चार दारं ठोठावता येतात.

पहिलं दार कंपनीच्या सेवकांच्या पतसंस्थेचं. चाकण-भोसरीच्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांत अशी संस्था असते. हप्ता पगारातून कापला जातो, म्हणून सिबिलची (कर्जफेडीच्या इतिहासाची) फारशी चिकित्सा होत नाही. दोन सहकारी जामीनदार लागतात. मंजूर कर्जातून शेअर्सपोटी काही रक्कम कापून घेण्याची पद्धत असते. हातात ३,४०,००० पडायला हवे असतील तर अर्ज तेवढ्याचाच करू नका, कपात किती ते विचारून वाढीव मागा. दुसरं दार पगार जमा होतो त्या बँकेचं वैयक्तिक कर्ज. तिसरं घरातलं सोनं. बँकेचं सोनेतारण कर्ज सहसा वैयक्तिक कर्जापेक्षा स्वस्त पडतं. चौथं एलआयसीची जुनी पॉलिसी, समर्पण मूल्यावर (पॉलिसी मध्येच सोडल्यास मिळणाऱ्या रकमेवर) कर्ज मिळतं. कार्ड कंपनीच तुमच्या बाकीचे हप्ते पाडून द्यायला तयार असते. दर कमी असला तर तेही चालेल, पण त्या हप्त्यांतल्या व्याजावरही जीएसटी चालूच राहतो. बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या साध्या कर्जाच्या व्याजावर तो नसतो.

समजा १२ टक्क्यांनी ३,४०,००० मिळाले. तीन वर्षांचा हप्ता ११,२९३ येतो, एकूण व्याज सुमारे ६६,५००. आज तुम्ही १७,००० भरताय, म्हणजे खिशावर भार वाढत नाही, उलट हलका होतो. १७,००० च भरत राहिलात तर २३ व्या महिन्यात कर्ज संपतं. पीएफला हात न लावता.

आणि हात लावला असता तर? ३,४०,००० रुपये ८.२५ टक्क्यांनी २० वर्षं वाढले, म्हणजे दर तोच राहिला असं धरलं, तर तुमच्या ५८ व्या वर्षी त्यांचे सुमारे १६,६०,००० होतात. १२ टक्क्यांचं कर्ज फेडताना जाणारे ६६,५०० आणि हे, असा हा सामना आहे. काढलेले पैसे पुन्हा पीएफमध्ये भरू, असं काढताना सगळेच म्हणतात. ऐच्छिक वर्गणी वाढवायची सोय आहे खरी, पण ३,४०,००० एकरकमी परत भरायची सोय नाही.

कर्ज मिळालं की कार्डाचं काय करायचं, इथंही गोंधळ होतो. बिलावरची रक्कम भरून तुम्ही निर्धास्त होता आणि पुढच्या महिन्यात हजार-दोन हजारांचं बिल येतं. बिल निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं ते व्याज असतं. म्हणून भरण्याच्या दिवशी ग्राहक सेवेला फोन करून ‘आजच्या तारखेला खातं शून्य करायला किती’ हा आकडा घ्या. मग निदान एक कार्ड लेखी अर्जानं बंद करा. बाकी शून्य असेल तर रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं. न केल्यास पुढं बँकेनं ग्राहकाला रोज ५०० रुपये दंड द्यायचा असतो. कार्ड चालूच ठेवून कर्ज काढलं, तर वर्षभरात हप्ताही असतो आणि कार्डही पुन्हा भरलेलं असतं. अशी प्रकरणं इतकी येतात की या मुद्द्यावर आम्ही जरा कडक बोलतो.

चारही दारं बंद निघाली, सिबिल आधीच बिघडलेलं आहे आणि जो देतो तो २४ टक्क्यांच्या वर मागतो, अशी वेळ आली तर पीएफचा विचार करा. पण कमी पडेल तेवढ्याचाच. ‘क्रेडिट कार्डाचं देणं’ हे पीएफच्या जुन्या नियमांत कारणच नव्हतं. आजारपण, लग्न, शिक्षण, घर अशी ठरलेली कारणं होती, आणि लग्न-शिक्षणासाठी सात वर्षांच्या सेवेनंतर स्वतःच्या वाट्याच्या निम्मीच रक्कम निघायची. ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संघटनेच्या) केंद्रीय विश्वस्त मंडळानं १३ ऑक्टोबर २०२५ च्या बैठकीत अशा तेरा तरतुदींचे तीन गट करायचं ठरवलं : अत्यावश्यक गरजा, घर आणि विशेष परिस्थिती. सेवेची अट सरसकट १२ महिन्यांची, विशेष परिस्थितीत कारण सांगायची गरज नाही, आणि अंशदानाच्या २५ टक्के शिल्लक खात्यात ठेवायचीच. दावा भरायच्या दिवशी पोर्टलवर कारणांची जी यादी उघडते तीच तुम्हाला लागू. मात्र नसलेलं आजारपण दाखवू नका. चुकीच्या कारणासाठी वापरलेली रक्कम व्याजासह वसूल करायची तरतूद योजनेत आहे.

प्रश्न : हिंजवडीतली नोकरी गेल्या महिन्यात गेली. वैयक्तिक कर्जाचे २,८०,००० बाकी आहेत, हप्ता १४,५००. या कंपनीतला पीएफ १,९५,००० आहे, इथं २ वर्षं ७ महिने होतो. त्याआधीच्या कंपनीचा १,१०,००० तसाच पडून आहे, तिथली सेवा २ वर्षं ८ महिने. दोन्ही काढले तर कर्ज एका दमात मिटतं. कर किती लागेल?
— एक वाचक, वाकड

उत्तर : कराचं आधी, कारण तिथं तुमच्या हातात बरंच आहे.

पाच वर्षांची सलग सेवा व्हायच्या आत पीएफ पूर्ण काढला तर तो करपात्र होतो. रक्कम ५०,००० किंवा जास्त असेल तर १० टक्के टीडीएस कापतात. पॅन जोडलेला नसेल तर २० टक्के. हे फक्त आगाऊ कापणं झालं. खरा कर तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्यानुसार ठरतो. मालकाचा वाटा आणि त्यावरचं व्याज पगार म्हणून धरतात, तुमच्या वाट्यावरचं व्याज इतर उत्पन्न म्हणून, आणि मागं ८०-सी खाली घेतलेली वजावटही परत फिरते.

तुमच्या दोन्ही सेवा वेगवेगळ्या पाच वर्षांखाली आहेत, पण जुनं खातं नव्यात हस्तांतरित केलंत तर सेवा जोडली जाते. २ वर्षं ८ महिने अधिक २ वर्षं ७ महिने, म्हणजे ५ वर्षं ३ महिने. पाचाचा उंबरठा ओलांडला, कर संपला. त्यामुळे क्रम असा ठेवा : आधी हस्तांतरण, ते पासबुकात दिसलं की मग दावा. उलट केलंत तर नुसत्या १,९५,००० वर १९,५०० कापले जातील.

हस्तांतरण अडतं ते साधारण तीन ठिकाणी. जुन्या कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसते. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतः पोर्टलवर भरता येते. दुसरं, नाव किंवा जन्मतारीख आधारशी जुळत नाही. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, एवढ्यावरही अर्ज परत येतो. त्यासाठी संयुक्त घोषणापत्र भरावं लागतं. तिसरं, दोन कंपन्यांनी दोन वेगळे यूएएन (नोकरी बदलली तरी एकच राहायला हवा असा पीएफ क्रमांक) काढलेले असतात. मग जुन्या यूएएनमधली सेवा चालू यूएएनवर आणायची. बँकांच्या विलीनीकरणात आयएफएससी कोड बदललेला असेल तर तोही आधीच दुरुस्त करा, नाहीतर मंजूर झालेली रक्कम परत फिरते. ऑनलाइन काही सुटलं नाही तर गोळीबार मैदानाजवळच्या भविष्य निधी कार्यालयात जाता येतं. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत ईपीएफओचं तक्रार शिबिर असतं, तिथं असे कागदी गुंते बरेचदा लवकर सुटतात.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही ते. सगळा पीएफ ओतून कर्ज मिटवू नका. नोकरी नसताना तुमच्याकडची रोकड कर्जमुक्तीपेक्षा मोलाची आहे. कर्ज मिटवलंत, तीन महिन्यांनी घरभाड्याला पैसे नाहीत, आणि पगारपत्रक नसलेल्या माणसाला कुठलीही बँक दारात उभं करत नाही. स्थिर दराच्या वैयक्तिक कर्जाला मुदतपूर्व फेडीचं शुल्क असतं, ते वेगळंच. ४ टक्के असेल तर २,८०,००० वर ११,२०० आणि जीएसटी २,०१६, मिळून १३,२१६. जवळजवळ एक हप्ता. तुमच्या मंजुरीपत्रात हा आकडा ‘फोरक्लोजर’च्या रकान्यात असतो.

त्याऐवजी सहा हप्त्यांचे ८७,००० बाजूला काढा आणि घरखर्चाची सोय करा. ऑक्टोबर २०२५ च्या निर्णयानुसार नोकरी गेल्यावर ७५ टक्के लगेच आणि उरलेले १२ महिने बेकार राहिल्यावर काढता येतात. लगेच मिळणारे सगळेच उचलले पाहिजेत असं नाही. बँकेला नोकरी गेल्याचं पत्र दाखवून मुदत वाढवून मागा. हप्ता चुकायच्या आधी मागितलेली सवलत आणि चुकल्यावर मागितलेली सवलत यांत शाखाधिकाऱ्याच्या नजरेत फार फरक असतो.

एक सांगायचं राहिलं. पीएफ काढायचा फॉर्म १९ भरताना सायबर कॅफेवाला सवयीनं फॉर्म १०-सी पण भरून टाकतो. १०-सी म्हणजे पेन्शनचा वाटा काढून घेणं. पेन्शनला एकूण दहा वर्षं सेवा लागते. आज ते थोडे हजार काढलेत तर सव्वापाच वर्षं पुसली जातात आणि पुढच्या नोकरीत मोजणी शून्यापासून सुरू होते. ती रक्कम राहू द्या, किंवा झालेली सेवा पुढं मोजली जावी म्हणून योजना प्रमाणपत्र घ्या.

प्रश्न : माझं पीपीएफ खातं २०१५-१६ मधलं आहे, दर एप्रिलला एक लाख भरते. यजमानांनी धायरीतल्या वर्कशॉपसाठी पतसंस्थेकडून घेतलेल्या कर्जाचे ६,००,००० बाकी आहेत, दर १५ टक्के. हप्ते थकल्यामुळे नोटीस आली आणि ती जामीनदार म्हणून माझ्या भावालाही गेली. पीपीएफवर कर्ज काढू, की खातंच बंद करू?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : दोन्ही नाही. पीपीएफवरचं कर्ज सुरुवातीच्या वर्षांतच, साधारण तिसऱ्या ते सहाव्या आर्थिक वर्षात मिळतं. तुमचं खातं ती मुदत केव्हाच ओलांडून गेलं आहे. मुदतीआधी बंद करायला गंभीर आजार, उच्च शिक्षण किंवा अनिवासी होणं, एवढीच कारणं चालतात, आणि एक टक्का व्याजही कापतात. कर्जफेड त्यात नाही.

तुमच्यासाठी वाट आहे ती अंशतः रक्कम काढण्याची. सातव्या आर्थिक वर्षापासून वर्षातून एकदा ती करता येते, कारण सांगावं लागत नाही आणि ती करमुक्त आहे. किती काढता येतं? चौथ्या मागच्या वर्षाअखेरची शिल्लक किंवा मागच्या वर्षाअखेरची शिल्लक, यांतली जी कमी तिच्या निम्मी. २०२६-२७ मध्ये काढत असाल तर ३१ मार्च २०२३ आणि ३१ मार्च २०२६ या दोन तारखांचे आकडे पासबुकात पाहा. दरवर्षी लाख भरत आलात तर पहिला ११,२०,००० च्या आसपास असेल, दुसरा १७ लाखांच्या वर. निम्मे म्हणजे ५,६०,०००. पोस्टातल्या खिडकीवर कधीकधी आजच्या शिलकीच्या निम्मे मिळतील असं तोंडी सांगतात. तसं नसतं, त्यामुळे पतसंस्थेला आकडा कबूल करण्याआधी हिशेब स्वतः मांडा.

तुमच्या बाबतीत आम्ही काढा म्हणतो. पीपीएफचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे. कर्ज १५ टक्क्यांचं, थकलेलं, त्यामुळे दुसरी संस्था ते स्वस्तात उचलून घ्यायची शक्यता कमी. ५,६०,००० वर वर्षाला दोघांतला फरक ४४,००० च्या वर जातो. शिवाय थकबाकीवर दंडव्याज असेल ते निराळं. खातं १ एप्रिल २०३१ ला पिकेल. तोवर या रकमेचे सुमारे ७,८९,००० झाले असते, ते होणार नाहीत. हे नुकसान डोळ्यांआड करायचं कारण नाही, पण इथं ते परवडतं.

पैसे द्यायच्या आधी मात्र एक गोष्ट स्पष्ट असू द्या. कर्ज यजमानांचं आहे, जामीन भावाचा आहे. कर्जाच्या कागदांवर सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून तुमची सही नसेल तर ते फेडायची कायदेशीर जबाबदारी तुमच्यावर नाही. पीपीएफची शिल्लक तर न्यायालयाच्या हुकूमनाम्यानंही कर्जापोटी जप्त होत नाही. म्हणजे हे पैसे तुम्ही घराच्या नि भावाच्या निकडीपोटी स्वखुशीनं देताय, वसुली अधिकाऱ्याच्या धाकानं नव्हे. हा फरक बोलणी करताना उपयोगी पडतो. भावाची काळजी मात्र रास्त आहे : सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघाला की संस्था कर्जदाराच्या आधी जामीनदाराच्या पगारालाही हात घालू शकते.

त्यामुळे संस्थेत जाताना रिकाम्या हातानं बोलू नका. ‘५,६०,००० एकदम भरतो, दंडव्याज सोडा, उरलेल्याचे हप्ते बांधून द्या’ असं अध्यक्षांच्या नावे लेखी द्या आणि पोच घ्या. दर खरंच घटत्या शिलकीवर आहे की फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ रकमेवर), हेही विचारा. तीन वर्षांच्या कर्जाला १० टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीवर जवळपास १८ टक्के होतात. पैसे संस्थेच्या कर्जखात्यावर थेट भरा, यजमानांच्या चालू खात्यातून फिरवू नका. तिथं दुसरा धनको टपलेला असू शकतो. सगळं फिटलं की बेबाकी दाखला, वर्कशॉपच्या जागेवर बोजा असेल तर तो कमी केल्याचा नवा उतारा आणि सहीचे कोरे धनादेश परत, हे तिन्ही हातात पडल्याशिवाय प्रकरण मिटलं असं समजू नका.

तारखेचंही पाहा. पीपीएफचं व्याज महिन्याच्या ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर धरतात. २६ तारखेला ५,६०,००० काढलेत तर त्या महिन्याचे सुमारे ३,३०० रुपये गेले. पुढच्या महिन्याच्या १ तारखेला काढलेत तर ते वाचतात, आणि पाच दिवसांचं कर्जाचं व्याज होतं साधारण ११५०.

प्रश्न : वय ५६, पिंपरीतल्या कंपनीतून दोन वर्षांनी निवृत्त होणार. तेव्हा इथली सेवा २४ वर्षं होईल, मूळ पगार ६०,००० आहे. पिंपळे सौदागरच्या फ्लॅटच्या कर्जाचे १४,००,००० उरलेत, हप्ता २२,०००, दर ९.१ टक्के. पीएफ ३१ लाख आहे. आत्ताच फेडून टाकू का?
— एक वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर : आत्ता नाही. निवृत्तीच्या महिन्यात, आणि तेव्हाही बहुतेक ग्रॅच्युइटीतून.

९.१ टक्के हा आकडाच आधी खटकतो. २०२५ मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो) ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला. तुमचा दर तरीही इथं अडकलाय, म्हणजे कर्ज बहुधा जुन्या एमसीएलआर पद्धतीचं (बँकेच्या स्वतःच्या निधी-खर्चावर दर ठरणारं) आहे. शाखेत जाऊन रेपोशी जोडलेल्या दरावर बदलून मागा. त्याला थोडं शुल्क पडतं, पण नवा पगारदार ग्राहक ज्या दरानं कर्ज घेतो त्याच्या जवळ तुम्ही येता. बँक दाद देत नसेल तर दुसऱ्या बँकेत कर्ज हलवण्याचं पत्र दाखवा. बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचं शुल्क बँकांना लावता येत नाही. दर ८ टक्क्यांच्या आसपास आला की ८.२५ टक्के करमुक्त देणारा पीएफ मोडायचं कारणच उरत नाही.

दर ८ टक्क्यांवर आणून दोन वर्षं हाच हप्ता चालू ठेवलात तर निवृत्तीला सुमारे पावणेअकरा लाख बाकी राहील. ग्रॅच्युइटी : ६०,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले २४, म्हणजे ८,३०,७६९. २० लाखांपर्यंत ती करमुक्त आहे. वरचे अडीच लाख पीएफमधून. कर्ज त्या दिवशी संपवायचंच, कारण त्यानंतर हप्ता कशातून जाणार? ईपीएफओचं पेन्शन मर्यादित वेतनावर असेल तर सूत्र आहे वेतन गुणिले सेवा भागिले ७०. १५,००० आणि ३० वर्षं धरली तरी ६,४२८ रुपये येतात. १ सप्टेंबर २०१४ आधीच्या सेवेला ६,५०० चीच मर्यादा धरतात, त्यामुळे हातात त्याहूनही कमी पडतं. २२,००० चा हप्ता त्यात बसत नाही. मुलगा भरेल म्हणत असाल तर तो सहकर्जदार आहे का ते पाहा.

बँकेकडून मूळ कागदपत्रं घेताना यादी जुळवून घ्या : खरेदीखत, इंडेक्स दोन, बिल्डरच्या पावत्या, सोसायटीचं ना हरकत पत्र. फेडीनंतर ३० दिवसांत ती परत न दिल्यास बँकेच्या चुकीसाठी दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते, हा रिझर्व्ह बँकेचा १ डिसेंबर २०२३ पासूनचा नियम आहे.

प्रश्न : कार्डाची वसुली करणारा माणूस म्हणतो, ‘१,९०,००० चे १,१५,००० करून देतो, आठवड्यात भरा; पीएफ काढा, नाहीतर पीएफ जप्त करू.’ खरंच करू शकतात?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : पीएफ जप्त होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्येच भविष्य निर्वाह निधी जप्तीतून वगळलेला आहे. पण तोच पैसा तुम्ही काढून बँक खात्यात आणलात की तो साधा पैसा झाला. आणि पगाराचं खातं कार्डाच्याच बँकेत असेल तर पीएफ जमा होताच बँक तो थकबाकीपोटी वळता करू शकते. कार्डाच्या अर्जातल्या बारीक अक्षरांत तसा अधिकार तुम्ही दिलेला असतो. काढायचीच वेळ आली तर आधी यूएएनला दुसऱ्या बँकेचं खातं जोडा.

तडजोड वाईटच असते असं नाही, पण तिची किंमत आहे. सिबिलमध्ये ते खातं ‘क्लोज्ड’ नव्हे, ‘सेटल्ड’ दिसतं, आणि पुढं गृहकर्ज मागताना तिथंच अडतं. पुढच्या काही वर्षांत मोठं कर्ज लागणार नसेल तर चालवून घ्या. मात्र क्रम सोडू नका : बँकेच्या पत्रशीर्षावर किंवा अधिकृत ईमेलवर रक्कम, तारीख आणि ‘यानंतर काही येणे नाही’ हे वाक्य, मगच पैसे, तेही थेट कार्ड क्रमांकावर. माणसाच्या हातात रोख नाही, त्याच्या यूपीआयवर तर मुळीच नाही. असे पैसे कार्डखात्याला न पोचण्याची भीती असते, आणि मग पावती घेऊन हिंडावं लागतं.

वसुलीवाल्यानं सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही. केला तर बँकेकडे लेखी तक्रार, आणि ३० दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन. एक मात्र ध्यानात घ्या. कार्ड थकणं हा दिवाणी मामला असला, तरी हप्त्यासाठी दिलेला धनादेश किंवा खात्यातून आपोआप कापायचा आदेश पैशांअभावी परत गेला तर फौजदारी खटला होऊ शकतो. पैसे नसतील त्या महिन्यात आधीच बँकेला कळवा.

प्रश्न : एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) बंद करून कर्ज फेडता येईल का? वय ४४.
— एक वाचक, औंध

उत्तर : टियर-एक, म्हणजे एनपीएसच्या मुख्य पेन्शन खात्यामधून साठीआधी बाहेर पडलात तर सहसा किमान ८० टक्के रकमेची वार्षिकी (ठरावीक पेन्शन देणारी योजना) घ्यावी लागते, हातात २० टक्केच येतात. शिल्लक लहान असेल तरच सगळी मिळते. दहा लाखांतले दोन लाख कर्जाला आणि आठ लाख महिन्याच्या तुटपुंज्या, शिवाय करपात्र पेन्शनला. टियर-दोन या ऐच्छिक खात्यामध्ये काही असेल तर ते खुशाल काढा, त्याला अट नाही. ते काढून झाल्यावर उरलेल्या कर्जाचा दर आणि मुदत लिहून पाठवा.